नाल्याच्या उलट दिशेनं

सॅक घेतली होती हिमालयासाठी,
पंचावन्न लिटरची, नारिंगी.
सहा वर्षं खिळ्यावर.
शेवटी आत लसूण ठेवायला लागलो,
हवा खेळती राहते म्हणून.

शमा मुल्लाणी माझ्या शेजारच्या टेबलावर,
उद्यमनगरातल्या फाउंड्रीत. ती वजनं लिहिते, मी चलनं.
डबा खाताना खिडकीतून खाली बघत म्हणाली,
"ह्यो नाला येतो कुठनं गं?"
जातो कुठं ते सगळ्यांना ठाऊक, पंचगंगेत.
येतो कुठनं, हे कुणी विचारलंच नव्हतं.
"जाऊन बघतो की," मी म्हणालो.

(आम्ही कोल्हापूरच्या बायका. जातो, येतो, जेवतो.
पुण्याची जाऊ अजून हसते.)

मार्गशीर्षातला रविवार. उजाडता उजाडता
लक्ष्मीपुरीजवळ पुलाखाली उतरलो,
दोघींच्या पायात नवऱ्यांचे गमबूट,
सॅकमध्ये चार भाकऱ्या, खर्डा आणि न गेलेला लसणाचा वास.
वरनं दूधवाला ओरडला,
"काय पडलंय काय, मावशी?"
शमा म्हणाली, "व्हय, अक्कल. हुडकालोय."

पहिला तास घाणीचा. लपवत नाही.
मग नाक दमलं आणि डोळे कामाला लागले.
शहराची पाठ दिसली.
पुढनं रंग दिलेली घरं, मागनं नुसत्या विटा,
पाइप, फुटकी कुंडी, वाळत घातलेल्या गोधड्या,
काठावर एक म्हैस,
पाडव्याला रंगवलेली शिंगं अजून थोडी लाल.

हुतात्मा पार्कच्या मागं
केबलच्या तारेवर खंड्या बसलेला.
इतका निळा, की शमा खाली बघायची विसरली
आणि गुडघ्यापर्यंत गाळात.
पाय बाहेर आला, बूट आत राहिला.
काठीनं, हातानं, शेवटी शिव्यांनी काढला.
हिमालयात याला काहीतरी चांगलं नाव असेल.

जरगनगरच्या अलीकडं रस्त्याखाली एक मोरी.
कमरेत वाकून जायचं. आत अंधार,
वरून केएमटी गेली की छातीत हलगी वाजायची.
घाबरलो. खोटं कशाला,
घरापासून चारशे पावलांवर घाबरलो.

बाहेर आलो तर समोर ओळखीची खिडकी.
जाळीवर माझाच टॉवेल.
एकवीस वर्षं त्या खिडकीतनं मी नाल्याला शिव्या घातल्या,
नाल्यातनं खिडकीकडं कधी बघितलं नव्हतं.
उत्तम दाढी करत होता.
त्यानं बघितलं, चिखलातल्या दोन बायका,
काहीतरी वेचणाऱ्या असतील,
आणि तेलाची रिकामी बाटली आमच्या पुढ्यात भिरकावली.
शमा हसता हसता दगडावर बसली.
मी बाटली उचलून सॅकच्या कडेच्या कप्प्यात ठेवली.

पुढं नाल्याचं वय कमी होत गेलं.
रामानंदनगर मागं पडलं, ऊस लागला,
कुठूनतरी गुऱ्हाळाचा वास.
पाणी काळं होतं ते हिरवं झालं, मग चहासारखं,
मग नुसतं पाणी, तळाशी एक खेकडा
आमच्याकडं नांगी उगारून.
कात्यायनीच्या डोंगराखाली ओढा एका उडीचा,
मग एका पावलाचा.
शमा दोन्ही काठांवर एकेक पाय ठेवून उभी राहिली,
"बघ, आख्खं कोल्हापूर माझ्या टांगंखालनं चाललंय."

वर करवंदीच्या जाळीत एक ओला दगड.
बोट लावलं, बोट ओलं झालं. तेवढंच.
शेरडं राखणारा एक म्हातारा म्हणाला, "ह्यो नव्हं, त्यो पलीकडला."
त्याचा नातू म्हणाला, "दोन्ही नव्हं."
आम्ही त्याच दगडाशेजारी भाकरी खाल्ली.
खर्डा तिखट झाला होता.

परत यायला रिक्षा, एकशे दहा रुपये,
"बूट भाईर धरा," या अटीवर.
आख्खा दिवस पंधरा मिनिटांत उलटा गेला.

रात्री ती बाटली उत्तमच्या ताटाशेजारी ठेवली.
तो बाटलीकडं बघत राहिला, मग माझ्या नखांकडं.
मी आमटी वाढली.

लसूण आता फ्रीजवर असतो.
शमानं काल डबा उघडता उघडता विचारलं,
"आणि गोमतीचा नाला? त्यो कुठनं येतो?"